तिसरा नंबर

उदगीर तहसीलच्या भिंतीला लागून माझं टेबल.
वर दगड ठेवल्याशिवाय कागद राहत नाही.
सोजरबाई सूर्यतळे, वय एकाहत्तर,
जिल्हा परिषदेच्या शाळेत घंटा देऊन निवृत्त.

मी नेहमीचंच लिहिलं :
पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाखाली न येता...
"दबाव हुता की," त्या म्हणाल्या,
"मालक जाईस्तोवर. तेवढं खोटं नगं."
मी पेन उचललं. पुन्हा टेकवलं.

पत्र्याच्या दोन खोल्या सुनेला.
पोराला नाही. कारण मी विचारलं नाही,
त्यांनी चष्मा पुसला.
पोस्टातले अठ्ठावीस हजार नातीला,
बारावी झाल्यावर, आधी नाही.
हंडा कुणालाही, पण मोडीत घालायचा नाही.

आणि नळ.
"आठव्या दिशी येतो. माझा नंबर तिसरा.
त्यो शेजारच्या हसीनाला लिवा."
बाई, नंबर म्हणजे मालमत्ता नव्हे.
त्याला उतारा नाही, चतुःसीमा नाही.
"हाय की.
उगवतीला दगूबाईची घागर,
मावळतीला गुरवाचा ड्रम."

लिहिलं.
तीस वर्षांत पहिल्यांदा
चतुःसीमेत घागर लिहिली.

साक्षीला चहावाला आणि झेरॉक्सवाला.
मी शाईचा पॅड पुढे केला,
त्यांनी पेन मागितलं.
सो. मग ज.
मग र, बराच वेळ.

पैसे मोजून, पदराला गाठ मारून
चार पावलं गेल्या, परत आल्या :
"हसीनाला आत्ताच सांगू नका.
आजपासूनच घागर मांडंल ती."