कपाट दुरुस्ती, तीन तास

ओकचं कपाट. उंची दोन मीटर, आत साठ सेंटिमीटर,
पाठीला एकसंध फळी. असं लाकूड आता एम्डेनमध्ये कुणी विकत नाही.
त्याला गिरमिट लावायचं म्हणून
मी दोनदा विचारलं. गेझीना म्हणाली, "पाड भोकं, एन्नो.
हार्मचे कोट मी चर्चला देऊन टाकले.
नुसती हवा कोंडून ठेवायला कपाट कशाला हवं?"

तिची बोटं औषधांनी बधिर झालेली.
बरणीचं झाकण उघडत नाही,
रात्री तळपायांत मुंग्या पेटतात.
डॉक्टर हो म्हणाला, कायदा तीन रोपांपुरता हो म्हणतो,
मुलगी ब्रेमेनहून फोनवर नाही म्हणाली
आणि आठवड्याने दिवा तिनेच पाठवला, पोस्टाने.

खाली एक भोक: थंड हवा आत.
वर एक, पंख्याच्या मापाचं: ऊन हवा बाहेर.
भुसा पडला तो जुना, पण वास ताजा,
आणि त्याच्यामागून डांबरगोळ्या, पाइपचा तंबाखू, ओली लोकर.
आतून पांढरा रंग दिला, बिनचकाकीचा.
दुकानातला पोरगा म्हणाला, यावर उजेड उसळत नाही, सारखा पसरतो.
डाव्या दाराला आतून
हार्मच्या अक्षरातलं भरती-ओहोटीचं वेळापत्रक चिकटवलेलं,
बोर्कुमच्या फेरीबोटीवर असतानाचं, अकरा वर्षं शिळं.
ब्रश तिथे येऊन अडला.
"त्याच्या कडेकडेने रंगव," ती म्हणाली. "रोपं वाचतील."

दिवा दोन साखळ्यांवर टांगला.
रोप वाढेल तसा तो वर घ्यायचा, एकेक कडी.
तिच्या बोटांना कडी सापडेना,
म्हणून कप्पी बसवली, दोरीला जाड गाठी मारल्या.
घड्याळी स्विचवर अठरा तास दिवस, सहा तास रात्र.
बाहेर नोव्हेंबर, चार वाजताच धक्क्यावरचे दिवे लागलेले,
आणि कपाटात जूनची दुपार.

पण खरी मेख अंधारात.
फुलायच्या दिवसांत रोपाला बारा तास मिट्ट काळोख लागतो,
एक तिरीप शिरली तरी त्याचा हिशोब चुकतो.
आणि फट बाहेरून कळत नाही. आत बसून बघावी लागते.
तर वयाच्या बासष्टाव्या वर्षी मी
गुडघे हनुवटीला लावून कपाटात,
आणि गेझीनाने दार लोटलं.

आधी काहीच नाही. डोळ्यांना वेळ द्यावा लागतो.
"दिसतंय का?"
"थांब."
दाराला टेकून उभी असावी. आवाज लाकडातून येत होता.
"एन्नो, शेवटी त्याला घरी यायचं होतं.
मी डॉक्टरांना सांगितलं, मला झेपणार नाही."
मग जरा वेळाने,
"झेपलं असतं."

मी सुतार आहे. फट विचारली तर सांगता येते.
समोर मोहरीएवढा उजेड होता.
मधेच विझला, परत आला.
ती हलली असेल.
"चावीचं भोक," मी म्हणालो.
बराच वेळ काही नाही.
"बुजव."

नंतर चहा. कपात खडीसाखर तडकली,
सायीचा ढग तळातून वर आला.
तीन कप घ्यायचेच, कमी घेतले तर आमच्याकडे राग येतो.
पुट्टी वाळेपर्यंत पंखा ऐकत बसलो.
"बोटीच्या इंजिनासारखा वाटतो?" तिने विचारलं.
नाही. फ्रीजसारखा वाटत होता. तसं सांगितलं.
चावीचं भोक गेलं, म्हणून बाहेरून कडी आणि कुलूप:
ईस्टरला नातू येतो, आणि कायद्यातही तसं आहे.
दोन किल्ल्या. एक तिने मलाच दिली,
म्हणाली, तिची कुठेतरी हरवेल.

बिलावर काय लिहू, विचारलं.
"कपाट दुरुस्ती. किती, तीन तास?"
चार झाले होते.
तीन लिहिले.