चित्र क्रमांक सात

बाईंनी कार्ड पुढे सरकवलं. हे काय आहे?
मी म्हणाले, पाणी.
आमच्याकडे पाण्याला पाणीच म्हणतात,
होर्नाद नदीच्या अलीकडे, जिथे डांबर संपतं
आणि सत्तर घरांत नळ एक.
बाईंना हवं होतं 'व्होदा'.
त्यांनी पेन्सिलीनं फुली मारली,
इतकी नाजूक, की मला वाटलं
फूल काढतायत.

थंडी वाजली तर काय करशील?
बापाच्या पाठीला चिकटून झोपेन.
कोट घालेन, असं म्हणायचं होतं.
कोट होता की. पण त्या दिवशी
तो भावाच्या अंगात होता.

सहा वर्षांची होते. वीस मिनिटं लागली.
त्या वीस मिनिटांची पुढे नऊ वर्षं झाली.

वेगळी शाळा. सगळी आमचीच पोरं,
वस्ती उचलून एका खोलीत ठेवल्यासारखी.
मणी ओवले. कागद कातरले.
पाचवीत पोचलो तेव्हा वीसपर्यंत आकडे.
शनिवारी मी बापाबरोबर भंगार विकायला जायचे,
तांबं वेगळं, लोखंड वेगळं,
काट्यावरची लबाडी तोंडी पकडायचे,
आणि सोमवारी मला विचारायचे,
अकरानंतर काय येतं?
मी कधी कधी तेरा सांगायचे.
कंटाळलेलं माणूस खोटं बोलतं.

दाखल्यावर लिहिलं होतं, 'सौम्य'.
पुढचा शब्द मी कुणाला वाचून दाखवत नाही.

त्या दाखल्यावर मुलींना एकच वर्ग उघडा होता,
नाव मोठं झोकदार: व्यवहारकुशल स्त्री.
दोन वर्षं अ‍ॅप्रन शिवले, बटाटे सोलले.
आई हसून हसून बेजार झाली,
अगं, याला सरकार पगारी मास्तर ठेवतं?
नंतर रात्री तीच म्हणाली
मला वाटलं होतं तू औषधांच्या दुकानात उभी राहशील,
पांढऱ्या कपड्यांत.
कधीच बोलली नव्हती आधी.

आता एकतीस. गुरुवारी संध्याकाळचा वर्ग,
मोठ्या माणसांचा, आठवीचा.
वर्ग साडेसातला सुटतो, शेवटची बस सात-दहाची.
त्यामुळे माझे अपूर्णांक
अजून अपूर्णच आहेत.
रुडो नको म्हणत नाही,
फक्त गुरुवारीच त्याचं पोट दुखतं.
नणंद अरांका म्हणते, शिकून काय पोलीस होणार?
आणि पोरांना जेवू घालून,
बॅटरी घेऊन रस्त्याच्या वळणावर येऊन उभी राहते.
परत येताना मला रोज तेच टोमणे,
बॅटरी मात्र माझ्या पायांपुढे.

काल रात्री विओलाला घोकून घेतलं.
हे काय? व्होदा.
थंडी वाजली तर? कोट घालेन.
आणि पाणी कुठे गेलं, आई?
झोप आता.
अंधारात ती बोटं मोजत होती,
मी ऐकत होते. बारा आलं, तेरा आलं.

आज बाई दुसरी आहे, बरीच तरुण,
तिनं मला बसायला खुर्चीही दिली, दाराबाहेर.
दार थोडं किलकिलं.
कार्ड तेच. फक्त आता त्याला प्लास्टिक चढवलंय.
सातवं चित्र.
मी ओठ दातांखाली धरले.

विओला बघत बसली. बराच वेळ.
मग म्हणाली, त्यांच्याच भाषेत, स्वच्छ:
पेला.

खरंच की. पेलाच होता.
पंचवीस वर्षं मी त्या पाण्यात बघत राहिले,
पेला मला कधी दिसलाच नाही.

बाईंनी कार्ड उलटवलं, मागचं उत्तर वाचायला.
पेन्सिल हवेत.
खाली येईल, आता येईल,
आणि विओलानं मान वळवून, दाराच्या फटीतून
मला हळूच सांगितलं:
आई, पाणी.

बाटली पिशवीतच होती.
मी उठले.