सीटखालचा स्विच

चावी फिरवली. काहीच नाही.
खट् नाही, घुर्र नाही,
बॅटरी जीव सोडताना करते ती टिकटिकही नाही.
दिवे मात्र लागत होते.

मे निम्मा सरलेला. नॉर्थ डकोटात
गवत वर्षातून एकदाच उधळतं, ते आत्ता.
शेवटच्या सोमवारी लोक येतील फुलं घेऊन,
सैनिकांच्या दगडांपाशी वीतभर झेंडे रोवायला.
एक्केचाळीस वर्षांत एकदाही त्यांना
घोटाभर गवतातून वाट काढावी लागली नाही.
हा नियम माझाच. चर्चने कधी विचारलंही नव्हतं.

मीटर लावला : बारा पूर्णांक सहा.
फ्यूज उजेडात धरला, तार शाबूत.
ब्रेक तळापर्यंत दाबला,
पात्यांचा दांडा वर, खाली, पुन्हा वर, खाली.
जुनं पेट्रोल बरणीत काढलं, वार्निशचा वास.
कार्ब्युरेटरची वाटी पुसली,
प्लग काढून ब्रशनं घासला.
स्टार्टरच फिरत नाही तिथे प्लगचा काय दोष?
ठाऊक होतं.
पण काम नसलं की माझे हात हल्ली
एकमेकांची हाडं मोजत बसतात.

पंख्याच्या झाकणाखाली उंदराचं घर निघालं :
वाळकं गवत, आणि कुठल्याशा झेंड्याचा निळा दोरा.
पिल्लं केव्हाच गेलेली.
तरी टोपीत उचलून कुंपणापलीकडे नेऊन ठेवलं.
का, ते विचारू नका.

दुपारी एल्डन क्रोगस्टाड आला.
"सरक," म्हणाला. बसला. सीट कण्हली.
चावी फिरवली
आणि इंजिन असं भडकलं
की स्प्रूसमधले सगळे कावळे उडाले.

तो उतरला. मी बसलो. चावी.
कावळे परत आले.

एल्डन आधी सीटकडे बघत राहिला,
मग माझ्या पट्ट्याकडे,
जिथे खिळ्यानं पाडलेली तीन नवी भोकं आहेत.

सीटखाली एक स्विच असतो.
कुणी बसलंय की नाही, एवढंच त्याला कळतं.
ऑक्टोबरात इथे बसायचा तो ऑर्विल
दोनशे तीस पौंडांचा.
मध्ये एक हिवाळा गेला, बिस्मार्कच्या इस्पितळात,
नळीतून थेंब थेंब.
आता बसतो तो एकशे एकोणचाळीसांचा.
मशीनचं म्हणणं, जागा रिकामी आहे.
भांडू कसा? माझ्या कोटाचंही तेच म्हणणं आहे.

"दोन तारा जोडून टाकतो," एल्डन म्हणाला,
"मग त्याला वाटेल, कायम कुणीतरी बसलेलंच आहे."
नको म्हटलं.
उत्तरेच्या उतारावर मला भोवळ आली,
मी खाली, आणि ते तसंच चाललंय
सरळ, शहाण्यासारखं, लोकांच्या नावांवरून?
मी पडलो
तर कुणाला तरी ते लगेच कळायला हवं.

एल्डननं तार खिशात घातली.
म्हणाला, धूळ फार आहे इथे.

शेडमध्ये बियाण्याचं पोतं होतं, पन्नास पौंडांचं.
मांडीवर घेतलं, हट्टी नातवाला घ्यावं तसं,
दोरीनं कमरेशी बांधलं.
घुर्र.

पोत्याला भोक होतं, हे चौथ्या रांगेत कळलं.
मागे वळून पाहिलं तर
कापलेल्या पट्ट्यावर बियाण्याची बारीक रेघ,
तिच्यामागे चिमण्या.
हसू आलं. थांबलो नाही.
पोतं हलकं होत गेलं, मांडी हलकी होत गेली,
हौगेन भावंडांच्या दगडापाशी इंजिन
एकदा अडखळलं
आणि गप्प झालं.

इतकी शांतता की खालच्या रस्त्यावरून
जाणाऱ्या सायकलची साखळी ऐकू आली.

मग शेडचं दार आपटलं.
एल्डन, गुडघे बदललेला, शहात्तर वर्षांचा,
थडगी चुकवत धावत येत होता,
एक बूट नीट चढलेला नाही.

मी सीटवरच होतो.
हात वर केला.
तरी तो धावतच राहिला.