पाठमोरा साक्षीदार

विजेच्या बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर
मी आधी लिहिलं: शाळेची व्यायामशाळा, सकाळी सात.
मुखपट्टी. स्वतःचं पेन. सरोवरावरून वारा येतो म्हणून
लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड.
मग खाली लिहिलं: रांग तीन तासांची झाली तर लघवीचं काय?
हे कुठल्याच सरकारी पत्रकात दिलेलं नाही,
आणि एक्याऐंशी वर्षांच्या बाईला
लोकशाहीच्या आधी तेच आठवतं.
सगळं खोडलं.

मुलगी ॲरिझोनातून फोनवर: आई, टपालानं कर.
टपालानं, बरं. लिफाफा आला,
लिफाफ्यात लिफाफा, सूचना मुंगीच्या अक्षरांत.
भिंग लावून वाचल्या:
कोरी मतपत्रिका साक्षीदाराला दाखवावी,
खूण त्याच्यासमोर करावी, पण कुठे केली ते त्याला दिसू नये,
मग त्यानं सही करावी.

साक्षीदार!
कझिमिर होता तेव्हा माझ्या खोकल्यालासुद्धा साक्षीदार होता.
आता मांजर आहे. मांजराची सही चालत नाही.

खालच्या मजल्यावर युलालिया.
महिनाभर ती माझ्या दाराशी सूपचं भांडं ठेवते,
दोनदा टकटक करते आणि पळते.
जिन्यातून ओरडून तिलाच विचारलं.
बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली,
माझी चालणार नाही, मिसेस कुबियाक.
साक्षीदार नागरिक लागतो.
बावीस वर्षं झाली, पण कागदावर मी अजून इथली नाही.
मी कठड्याला धरून उभी. काही सुचेना,
तर म्हटलं, कालच्या सूपात मीठ अगदी बेताचं होतं.

राहिला समोरचा सेंग लॉर.
मांसाच्या कारखान्यात रात्रपाळी,
त्याच्या ओळीतले चौघे तापानं पडलेले.
मी जवळ येणार नाही, म्हणाला. तुमच्यासाठीच.
नको येऊस. मी वरून सोडते.

कझिमिरची बर्फावर मासे धरायची बुटकी काठी
पलंगाखालून काढली. गळ काढून ठेवला,
दोरीला कपड्याचा चिमटा बांधला.

रविवारी, गारा थांबल्यावर,
तो खाली फुटपाथवर, कामाचे रबरी बूट घालूनच.
मी काचेला मतपत्रिका लावली. उलटी लावली.
त्यानं हवेत बोट फिरवलं, मी सुलटी केली.
अंगठा वर.
मग तो वळला आणि माझ्याकडे पाठ करून
रस्त्यावरच्या गारा बघत राहिला.
मी एक गोल भरला, दुसरा भरला,
न्यायाधीशाच्या नावाशी अडखळले, चष्मा पुसला.
तो तसाच, मान आखडून.
आयुष्यात बऱ्याच जणांनी माझ्याकडे पाठ फिरवली,
इतक्या अदबीनं कुणी नाही.

डिंकाला जीभ लावली नाही, स्पंजनं ओलावला.
काठी बाहेर काढून दोरी सोडली.
लिफाफा वाऱ्यानं गरगरला, भिंतीवर दोनदा आपटला.
सेंगनं गाडीच्या बॉनेटवर ठेवून सही केली,
पत्ता लिहिता लिहिता थांबला: पिन कोड काय आपला?
समोरासमोर अकरा वर्षं.
मी तो खिडकीतून एकेक आकडा करून ओरडले.

कोपऱ्यावरच्या निळ्या पेटीपर्यंत तो चालत गेला.
झडप उघडली, मिटली, पुन्हा उघडून पाहिलं
पडला का खरंच. कझिमिरही तसंच करायचा,
मला त्याचा राग यायचा.

वेळेत पोचेल का, मोजतील का, कोण जाणे.
न्यायालयं रोज नवीनच काही सांगतायत.
अंथरुणात पडल्यावर आठवलं, काठी बाहेरच राहिली.
रात्रभर चिमटा युलालियाच्या खिडकीवर
टकटक करत होता. ती काही बोलली नाही.

सकाळी दोरी गुंडाळायला घेतली,
तर जड लागली.