ओलाव्याचा काटा

फाटकाशी माझी पत्र्याची टपरी.
काम एवढंच: ट्रॉली आली की
लाकडात दोन सुया खुपसायच्या, काटा वाचायचा.
बारापर्यंत पूर्ण भाव.
वीसच्या वर गेला की भरोसीलाल चिडतो,
"दीदी, लकड़ी का पसीना भी तौलोगी?"

घामच तो. आधी त्याचं पाणी उकळतं,
मग कुठे उष्णता हाती लागते.
हे आईला सांगितलं तर म्हणाली,
ओल्या लाकडानं डोळे गेले आमच्या आत्याबाईंचे,
तिला कुठलं यंत्र लागलं होतं कळायला?

घाटीगावच्या रस्त्याला साठ बिघे सुबाभूळ आहे,
आमची. म्हणजे कारखान्याची.
चार तुकडे. दरवर्षी एकच तोडायचा,
तोही जमिनीपासून वीतभर वर, तिरका,
म्हणजे बुंध्यावर पाणी साचत नाही
आणि महिन्याभरात सात-आठ धुमारे
एकमेकांना ढकलत वर येतात.
जितका धूर सोडला तितका पानांनी ओढून घ्यायचा,
उसनं आणि फेड एकाच वहीत.

बॉयलरला वही वाचता येत नाही.
त्याला रोज चाळीस टन लागतात,
रविवारीसुद्धा.

म्हणून बीहडातून विलायती बाभूळ येते.
कुणाला नको असलेली, तोडली तरी उगवणारी,
तिचा हिशोब सोपा.
फक्त रामकली मोळी उतरवते
तेव्हा तळहात ओढणीत गुंडाळून घेते,
त्या काट्यांचा रकाना रजिस्टरात नाही.

परवाच्या ट्रॉलीत वर बाभूळ होती
आणि खाली मनगटाएवढी खोडं, राखी सालीची.
काटा म्हणाला, अकरा.
उत्तम माल.
पण एक उचललं तर हात खाली गेला,
एवढंसं लाकूड इतकं जड नसतं.

करधई.
कुणी लावलेली नाही, कुणाची घाई नाही,
मनगट व्हायला तिला माझं अख्खं वय लागतं.
पाऊस लांब असतो, ढगही नसतो,
नुसती हवा दमट झाली तरी
हिला कळतं, हिला पानं फुटतात.
म्हणजे आम्ही दोघी एकाच धंद्यातल्या.
आणि आता ती माझ्या सुयांवर
अकरा.

रजिस्टरात मी जात लिहिली: करधई.
आत पेंढारकरांनी संगणकावर शोधलं.
"याला कोड नाही, बाभूळ टाका ना."
मी पेनाचं टोपण लावलं.

ट्रॉली अजून अंगणात उभी आहे, न तोललेली.
भरोसीलाल तिच्याखाली गोणपाटावर झोपलाय.
त्याच्याही घरी चार तोंडं, तीही
रविवारीसुद्धा.

संध्याकाळी वारा पूर्वेचा झाला.
मी उगाच सुया हवेत धरल्या.
काटा शून्यावरून हलला नाही.
समोरच्या टेकडीनं मात्र
आपला आकडा लावला होता,
फिका, हिरवा, अर्ध्या उतारापर्यंत.
पुढचा अर्धा उतार
ट्रॉलीत होता.

तो उठला की काय सांगायचं
ते अजून ठरलेलं नाही.