रिकामा चौकोन

स्पेनहून आणलेल्या पासपोर्टात
(यात्रेकरूंचा असतो तो, घड्याघड्यांच्या पुठ्ठ्याचा)
एक चौकोन उरला होता.
बाकी सगळीकडे शिक्के: शिंपले, मनोरे, एक कोंबडा,
आणि शेवटी संत याकोबाच्या थडग्याशी
पाऊण तास रांगेत उभं राहून मिळालेला, जरा तिरका.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी
पहाटे शिवाजी पूल ओलांडला.
पंचगंगेवर वाफ, पाण्यात उतरणाऱ्या म्हशी.
‘बुएन कामिनो’ कुणी म्हटलं नाही.
दुधाच्या किटल्या लावलेल्या एकानं विचारलं,
“गाडी बंद पडली व्हय, मॅडम?”

कोल्हापूर ते कोडोली.
पिवळे बाण नाहीत,
क्लासेसचे फलक आहेत.
याच वाटेनं माझी पणजी जायची,
मिशनची बायबलबाई,
बाप्तिस्म्यात दुर्कस झालेली,
गावोगाव दुर्पाच राहिलेली.
बाप तिचा पायताणं शिवायचा,
अख्ख्या गावाची, करकर वाजणारी.
वेस आली की मात्र
तिचं पायताण तिच्या हातात,
दुसऱ्या हातात लूककृत शुभवर्तमान.
आमच्याकडं हे हसत सांगतात:
दोन्ही हात भरलेले,
म्हणून तर तिनं कुणाला रामराम घातला नाही.

केर्लीत पोहे खाल्ले.
वाघबिळाच्या चढाला डाव्या टाचेला फोड.
जोतिबाचा डोंगर बराच वेळ बरोबर चालला,
मग कधी मागं राहिला कळलं नाही.

एका गावाच्या वेशीत थांबले.
नाव सांगत नाही,
तिथले लोक आता लग्नाला बोलावतात.
वाटलं, काढावेत बूट,
घ्यावेत हातात, तिच्यासाठी.
फोटोही छान आला असता.
मग वाकले, नाड्या आवळल्या,
दुहेरी गाठ,
आणि चावडीपुढनं, भर रस्त्याच्या मधनं
चौदा हजारांचे बूट आपटत गेले.
कुणी बघितलं नाही.
एक कुत्रं, तेवढंच.

पुढं गुऱ्हाळ. चुलवाणात पेटलेलं चिपाड.
ईश्वरा गुळव्यापुढं पुठ्ठा उघडला: शिक्का पाहिजे.
“कशाचा?”
“हितनं चालत गेले, त्याचा.”
सोसायटीचा, बँकेचा, तलाठ्याचा,
असले त्याला ठाऊक होते.
थोडा वेळ डोकं खाजवलं त्यानं,
मग वाफ्यातल्या निवत्या गुळात अंगठा बुडवून
चौकोनात दाबला. रेघ न् रेघ उठली.

कोडोलीला चर्चचं दार बंद.
पायरीवर बसून बूट सोडले.
पुठ्ठा शेजारी उघडा ठेवला, वाळायला.
जरा वेळानं बघते तर
मुंग्या निघालेल्या
शिंपल्यांवरून, कोंबड्यावरून,
याकोबाला वळसा घालून,
एकामागं एक, अंगठ्याकडं.