शिवायला टाकण्याआधी

हात वर करा, शितोळेवहिनी. श्वास सोडा.
नाही, पोट आत ओढू नका.
टेपला सगळं कळतं,
आणि दौलतगंजात सत्तावीस वर्षं मशीनवर बसून
थोडंफार मलाही.

म्हणजे डिसेंबरात लेकीचं लग्न,
नोव्हेंबरात ऑपरेशन,
आणि ब्लाउज मात्र आजच बेतायचा,
पुढे होणाऱ्या कमरेचा.
जे अंग अजून आलंच नाही
त्याच्यावर कात्री कशी चालवू?

बसा. चहा सांगितलाय.
मी काही डॉक्टर नाही,
पण तिघी जणी या पडद्यामागे उभ्या राहून गेल्यात,
आधीही आणि नंतरही.
नावं नाही सांगायची. वहीत पानं आहेत.

पहिलं म्हणजे, वजनकाटा फारसा हलत नाही.
एका जागचा फुगवटा काढतात, एवढंच.
आणि आतला कापूस काढला म्हणून
उशीची खोळ आपोआप आवळत नसते.
तुमची खोळ दोन बाळंतपणं झालेली,
ते डॉक्टरलाच विचारा, उजेडात उभं राहून.

मग सूज. आधीपेक्षा जाड दिसाल काही दिवस.
टाके घातलेल्या भोकांतून गुलाबी पाणी पाझरतं.
एकीला हे कुणी सांगितलंच नव्हतं;
चादर भिजली तशी रात्री दोनला फोन,
मला! टेलरला!
रडत होती, मी मरतेय म्हणून.

आणि तो पट्टा.
महिना-दीड महिना, रात्रंदिवस.
तिनं मे महिन्यात केलं होतं हो,
बाहेर लू, वर लाइट गेलेली,
घामोळ्यांनी पाठ लाल,
तो घेऊन माझ्याकडे आली: दोन बोटं सैल करून दे.
नाही उसवला. काही शिवणी माझ्या नाहीत.

दुसरीच्या मांडीवर
जुन्या रजईतला कापूस सरकावा तसे खड्डे राहिले.
साडीत दिसत नाहीत. तिला दिसतात.
वर थंडीत गजकाचे डबे उघडले की
जिथून काढलं तिथे फारसं भरत नाही म्हणे,
दंडात भरतं, पाठीत भरतं.
पावणेदोन इंच. तिच्या बाह्या मीच उसवल्या.

तिसरीच्या पोटाला महिनोन्महिने जाणीवच नव्हती.
गरम पाण्याची पिशवी ठेवून झोपली,
फोड आल्यावर कळलं.

लिहून घेताय? घ्या.
भूल कोण देणार, त्याचं नाव विचारा.
रात्री काही बिघडलं तर कुठे नेणार, ते विचारा.
बाहेरच्या चकचकीत फोटोंना नाही, सर्जनला विचारा
की हेच शिकलात ना, आणि किती वर्षं करताय.
प्रेशरची गोळी, रक्त पातळ करायची गोळी,
धाकटीच्या वेळी पायाची शीर सुजली होती ती,
काही लपवू नका. इथे टेप नाही पकडायला.
आणि घरी आल्यावर पोटरी दुखली, श्वास लागला,
तर सकाळची वाट बघायची नाही. समजलं?

मी नको म्हणत नाहीये.
ती मे महिन्यातली आहे ना, तिला विचारलं परवा.
आरशासमोर एकदा अशी वळली, एकदा तशी,
म्हणाली, परत करीन.
पण मे महिन्यात नाही.

तर ऐका. लग्नाचा ब्लाउज आजच्या अंगाचा होईल.
आत दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच कापड दाबून ठेवते,
घ्यायलाही येईल, सोडायलाही.
ऑपरेशन करायचंच तर लग्नानंतर करा;
अंग पूर्ण बसायला सहा महिने लागतात,
पाच आठवड्यांत सुजलेल्या अंगानं
कन्यादानाला कुठे उभ्या राहता?
नाप पेन्सिलीनं लिहिते.
(पुण्याची भावजय हसते, माप म्हण गं.
आम्ही ग्वाल्हेरवाले, नापच म्हणणार.)

एक विचारू?
परवापर्यंत तुम्हाला बोटनेक हवा होता,
पाठ मोकळी, लाल लटकन.
आज म्हणताय सगळं झाकेल असं शिव.
मधल्या चार दिवसांत
कोण काय बोललं तुम्हाला?

बरं.
नका सांगू.
चहा घ्या, साय धरतेय.